लाकडी नमुना कपाटाबाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
कुटुंबकल्याण व माता-बाल आरोग्य केंद्र

विषय : कंडोम वापरण्याचे प्रात्यक्षिक पुरुषांना समोर दाखवून, एकही शब्द न गाळता देण्यात यावे, आणि त्यासाठी भांडाराच्या कपाटात बंद करून ठेवलेला लाकडी नमुना बाहेर काढण्यात यावा, याबाबत.

संदर्भ : औषधांच्या खिडकीवर मी केलेली तोंडी विनंती, व त्यावर मिळालेले "असं तोंडी नाही चालत, लिहून द्या" हे उत्तर.

महोदय,

बाळाच्या तेलाच्या बाटलीचे झाकण उघडताना टक् असा आवाज होतो. त्या दुपारी घर अगदी शांत होते. मोठी शाळेत गेली होती, धाकटा पाळण्यात झोपला होता आणि माझ्या पतींची आठवड्याची सुट्टी होती. मी आतल्या खोलीत होते. स्वयंपाकघरातून तो टक् ऐकू आला तेव्हा मला वाटले, बाळ उठायच्या आत हे त्याच्या मालिशची तयारी करून ठेवताहेत, किती बाई कामाचा माणूस. ते तेल बाळासाठी नव्हते. माझ्यावर पुढे जे ओढवले त्याची सुरुवात त्या आवाजापासून झाली, म्हणून अर्जही तिथूनच सुरू केला आहे. अर्ज असा सुरू करत नाहीत हे मला माहीत आहे. रीतसर सुरुवात करून पाहिली होती, पण 'विनंतीपूर्वक' या शब्दापाशी बाळ उठले.

विषयात जो शब्द लिहिला आहे तो लिहिताना माझा हात अडला. आपल्या केंद्राच्या खिडकीवर तो शब्द कोणीच उच्चारत नाही. आम्ही बायका "ते द्या" म्हणतो, आतून "किती?" असे विचारतात, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी बाहेर येते. पुढे मी शक्यतो 'सदर साधन' असेच लिहीन. जिथे खरे नाव लिहिल्यावाचून भागणार नाही तिथे मात्र लिहीन. त्याबद्दल आधीच क्षमा असावी.

१. मी आपल्या केंद्राच्या हद्दीत राहते. मला एक मुलगी व एक मुलगा आहे. माझे पती प्लंबर आहेत. त्यांच्याविषयी एवढेच सांगते की त्यांनी दुरुस्त केलेला नळ पुन्हा टपकला अशी तक्रार आजवर आलेली नाही. काम करून घरी आले, जेवायला बसले, तरी मध्येच फोन लावतात आणि विचारतात, "आजी, आता टपकत नाही ना? बोट लावून बघा एकदा." पलीकडून आजी ओरडते, "अरे नाही टपकत, जेव आता!" मग त्यांच्या घशाखाली घास उतरतो. आपल्या खिडकीवर "निष्काळजी नवरे असले की असंच होतं" असे जे वाक्य मला ऐकवण्यात आले, ते दुसऱ्या कुणाला कदाचित लागू असेल. माझ्या पतींचा दोष असलाच तर तो अति काळजी घेण्याचा आहे.

२. धाकट्याच्या वेळी बाळंतपणात मला फार रक्तस्राव झाला. टाके पडले ते नीट भरले नाहीत. मोठ्या इस्पितळातील डॉक्टरांनी सुट्टी देताना आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले की पुन्हा दिवस गेले तर माझ्या जिवाची खात्री देता येणार नाही. गोळ्या मला रक्तदाबामुळे चालत नाहीत. तांबी बसवली होती, ती सोसली नाही. माझे ऑपरेशन अंगात रक्त भरेपर्यंत करता येत नाही. पतींनी स्वतःहून, मी न सांगता, आपल्या केंद्राच्या पुरुष शस्त्रक्रिया शिबिरासाठी नाव दिले आहे. ते शिबिर 'अपरिहार्य कारणास्तव' पुढे ढकलले आहे. पुढे ढकलल्याचा कागद फाटकावर लागतो, तो वाऱ्याने उडतो, आणि मग तसाच नवा कागद लागतो. सबब, आम्हा दोघांच्या संसारात आणि माझ्या मरणात सध्या सदर साधनाशिवाय दुसरे काहीही उभे नाही.

३. साधन आपण विनामूल्य देता, याबद्दल आम्ही आभारी आहोत. ते वापरायचे कसे हे मात्र कोणी नीट दाखवून सांगत नाही. पूर्वी सिस्टर निदान बायकांना तसे दाखवत असत. त्यासाठी केंद्राकडे एक लाकडी नमुना होता, गुळगुळीत, खाली बैठक असलेला. तो त्यांच्या टेबलावर फुलदाणीशेजारी उभा असे. मोठीच्या वेळी मी तो लांबून पाहिला होता आणि मान खाली घातली होती. पुढे वरच्या कचेरीतून पाहुणे तपासणीला आले. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी तो नमुना पेपरवेट समजून सह्यांच्या कागदांवर ठेवला, आणि बोलता बोलता बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. ती वस्तू कशाची आहे हे कोणीतरी त्यांच्या कानात सांगितले. त्या दिवसापासून नमुना भांडाराच्या लोखंडी कपाटात आहे. ही हकीकत मला सिस्टरांनीच सांगितली. सांगताना त्या हसल्या आणि मग म्हणाल्या, "तुला हसून सांगते खरं, पण मी आता हवेत बोटं नाचवून शिकवते गं. कुणाला काय कळत असेल, देव जाणे."

मी भांडारपालांना भेटले. ते म्हणाले की चावी त्यांच्याकडे आहे, पण आदेश नाही. कार्यालयात विचारले तर सांगण्यात आले की आदेश आहे, पण तो नमुना ठेवण्याचा आहे, काढण्याचा नाही. भांडारपालांनी असेही सांगितले की बरेच दिवस वापरात नसलेली वस्तू म्हणून तो आता निरुपयोगी सामानात धरला जाईल आणि मोडक्या स्टुलांबरोबर भंगारात निघेल. तो वापरात का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "कपाटात आहे ना, म्हणून."

४. पुरुषांना सिस्टर शिकवत नाहीत, कारण ते पुरुष आहेत. त्यांना कंपाउंडर काका सांगतात. कंपाउंडर काका भले गृहस्थ आहेत, माझ्या मुलांना खडीसाखर देतात, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही हे कृपया नोंदवून घ्यावे. माझे पती रांगेत उभे राहून खिडकीशी पोचले आणि हळू आवाजात म्हणाले, "जरा नीट समजावून सांगता का? घरी तब्येतीचा प्रश्न आहे." काकांनी त्यांच्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी पाहिली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही नळवाले! तुम्हाला काय शिकवायचं? पाइपाला रबर चढवता ना, तसंच. तुमच्या धंद्यातलंच काम!" रांगेतले सगळे हसले. हेही हसले. घरी येऊन मला म्हणाले, "उगीच घाबरत होतो आपण. सोपं आहे. आमचंच काम आहे."

काकांना लाज वाटली, म्हणून त्यांनी थट्टेने वेळ मारून नेली. यांना मात्र ती थट्टा वाटली नाही. त्यांनी तो हुकूम मानला.

५. आता पाइपाला रबर कसे चढवतात ते लिहिते. रबराची रिंग कोरडी कधी चढवायची नाही, फाटते; तिला तेल किंवा ग्रीस लावायचे. जिथे दाब जास्त, तिथे एकावर भागवायचे नाही, दोन घालायच्या. बसवण्याआधी पाणी भरून बघायचे. रिंगा सुट्या फिरू द्यायच्या नाहीत, डबीत ठेवायच्या आणि डबी पिशवीत. माझ्या पतींनी हे सगळे केले, महोदय. पुडी आणली ती रिंगांच्या डबीत ठेवली. डबी हत्यारांच्या पिशवीत आणि पिशवी दिवसभर उन्हात, सायकलच्या दांडीला. पाकीट फोडले ते कटरने, एकदम सरळ रेषेत. फोडल्यावर न्हाणीघरात नेऊन पाणी भरले, उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिले, स्वच्छ पंचाने टिपून कोरडे केले. असे दोन नग तयार केले, एकावर एक घालण्यासाठी. आणि ग्रीस मला त्रासदायक होईल म्हणून घरातले सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात सौम्य तेल निवडले. ते बाळाचे होते.

एवढी काळजी माझी कोणी कधीच घेतली नव्हती.

६. मागाहूनही त्यांनी पाणी भरून तपासले. काम झाल्यावर एकदा तपासायचेच, ही त्यांची सवय. मी न्हाणीघराच्या दारात उभी होते. नळ सुरू केल्याबरोबर खालून एक बारीक धार आली, सुतासारखी. आतले काढून पाहिले, तेही फाटलेले होते. "लीक आहे," ते म्हणाले. लोकांच्या घरी म्हणतात त्याच आवाजात म्हणाले. मग नळ बंद केला आणि ओल्या फरशीवर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाला काखेत घेऊन आपल्या केंद्रात आले. असे काही झाले तर लगेच घ्यायची एक गोळी असते, एवढे मी ऐकून होते. खिडकी बंद होती. आत औषधांची मोजदाद चालू होती. मी जाळीतून म्हटले की मला तातडीची गोळी हवी आहे. आतून विचारले, "कशासाठी?" माझ्यामागे ओळखीचे चेहरे होते, मोठीच्या शाळेतल्या एका मुलीचे आजोबाही होते. मी म्हटले, "तब्येतीसाठी." आतून आवाज आला, "मग मोजदाद झाल्यावर या, ताई." मोजदाद पाच-सहा दिवस चालली, आणि संपली तेव्हा त्या गोळीची वेळ निघून गेली होती.

पुढचे थोडक्यात लिहिते. दिवस राहिले. मोठ्या इस्पितळात ते काढून टाकावे लागले. पुन्हा रक्त गेले. हे बाहेरच्या बाकावर धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते, आणि मला बाहेर आणले तेव्हा त्यांच्या सदऱ्याचा खांदा बाळाच्या दुधाने आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी ओला झाला होता.

७. त्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला एकटीला विचारले, "तेल वगैरे लावत होतात का?" मी म्हटले, "बाळाचं." त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. मग पडदा ओढून घेतला आणि स्वतःची दोन बोटे उभी धरून मला सगळे दाखवले. एकही शब्द गाळला नाही, हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बाळाला अंघोळ कशी घालायची हे पहिल्यांदा सांगतात ना, तशा आवाजात सांगितले. ते मी इथे लिहून देते, म्हणजे केंद्राला वेगळे शोधावे लागणार नाही.

पाकिटावरची तारीख आधी पाहायची. उलटून गेली असेल तर ते टाकून द्यायचे. पाकीट थंड, कोरड्या जागी ठेवायचे. उन्हात नाही, खिशात नाही, पाकीटमारांना घाबरून पँटच्या आतल्या चोरखिशात तर मुळीच नाही. बोटाने दाबून आत हवा आहे ना ते बघायचे, नग कडेला सरकवायचा आणि पाकीट हाताने फाडायचे. दात, नखे, कात्री, कटर काही लावायचे नाही. पाणी भरून तपासायचे नाही. कारखान्यातून तपासूनच येते, आपण तपासले की तेच खराब होते. लिंग ताठ झाल्यावरच, आणि एकमेकांना स्पर्श होण्याच्या आधी, चढवायचे. मध्येच आठवण झाली म्हणून नव्हे. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि तेवढी जागा मोकळी ठेवायची. चिमटी तशीच धरून दुसऱ्या हाताने मुळापर्यंत उलगडत न्यायचे. उलगडत नसेल तर उलटे धरले आहे. ते सुलटे करून वापरायचे नाही, टाकून नवीन घ्यायचे. एका वेळी एकच. दोन घातली की एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. तेल, तूप, मलम, पेट्रोलियम जेली, अंगाला लावायचे क्रीम, यांतले काहीही रबराला लावायचे नाही, रबर विरते. कोरडे वाटले तर पाण्याच्या आधारावर केलेली जेली औषधाच्या दुकानात मिळते. वीर्य बाहेर आल्यावर लगेच, ढिले पडण्याच्या आत, बुडाशी धरून बाहेर यायचे. गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. प्रत्येक वेळी नवीन. एवढे केले तर दिवस राहण्यापासून आणि एकमेकांना लागणाऱ्या रोगांपासून चांगले रक्षण होते. आणि इतके करूनही फाटलेच, तर गोळी जितक्या लवकर घ्यावी तितकी उपयोगी पडते, मोजदाद असो वा नसो.

शेवटचे शब्द माझे आहेत, डॉक्टरीणबाईंचे नाहीत.

वरील परिच्छेदात मी काही शब्द उघडपणे लिहिले आहेत. हे शब्द लिहिताना माझे कान तापले. पण कंपाउंडर काकांनी हेच शब्द गाळले आणि त्यांच्या जागी पाइप ठेवला, म्हणून मी ते गाळू शकले नाही.

कचऱ्यात टाकण्याची गोष्ट तेवढी माझ्या पतींना आधीच ठाऊक होती. लोकांचे तुंबलेले संडास मोकळे करताना काय काय बाहेर येते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसेल. बाकी सगळे उलटे.

८. आता मुख्य अडचण लिहिते. वरील माहिती मला आहे आणि माझ्या पतींना नाही.

इस्पितळातून घरी येताना त्यांनी विचारले, "काय म्हणाल्या डॉक्टर? कशानं झालं?" मी बाळाचे टोपडे सारखे केले. थोडे चालल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "मालच फॉल्टी असणार. माझ्या हातून लीक होणं शक्य नाही." मी तेलाचा विषय काढला नाही. तेलाचे सांगितले तर त्यांना कळेल की ज्या हातांनी त्यांनी मला जपले, त्याच हातांनी ते झाले. महोदय, आजीचा नळ टपकला तर ज्यांना घास उतरत नाही, त्यांनी हे घेऊन कुठे जायचे?

मी सांगत नाही, म्हणून ते अख्ख्या साधनावरच विश्वास ठेवत नाहीत. जगात खरा माल उरलाच नाही असे त्यांचे मत झाले आहे. ते बाहेरच्या खोलीत झोपतात. चहाचा पेला माझ्या हातात देत नाहीत, ओट्यावर ठेवतात आणि मग मी उचलते. पूर्वी कामावरून आले की बाळाला माझ्याकडून घेताना दोघांना मिळून कवेत घेत असत. आता म्हणतात, "खाली ठेव, मी उचलतो." मी बाळाला सतरंजीवर ठेवून मागे सरकते, आणि मग ते पुढे येतात. बाळाला हा नवा खेळ वाटतो. ते खूप हसते.

माझी नणंद म्हणाली, "मग बरंच आहे की. सुटलीस." मला सुटायचे नाही. माझे वय तिशीच्या आतले आहे. नवरा चांगला आहे. मला तो हवा आहे. अर्जात असे लिहावे की नाही मला कळत नाही, परंतु विनंतीचे कारण स्पष्ट लिहावे असा नियम आहे म्हणून लिहिले.

९. येत्या सुट्टीच्या दिवशी माझे पती आपल्या केंद्रात येणार आहेत. उरलेली पुडी त्यांनी पिशवीत जपून ठेवली आहे. "खिडकीवर ठेवतो आणि विचारतो, हा असला माल गरिबांना देता? लोकांच्या बायका मारायच्या आहेत का?" असे ते म्हणतात. ते कधी कुणावर आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढवतील. मग कंपाउंडर काकाही चिडतील, ते साहजिक आहे, आणि रांगेसमोर विचारतील, "वापरलंत कसं ते सांगा आधी. तेल लावलं होतं का?" हे मान वर करून सांगतील, "म्हणजे काय, लावणारच." आणि मग त्या खिडकीशी, त्या सगळ्या लोकांच्या देखत, त्यांना ते कळेल.

मला ते दृश्य दिसते, महोदय. बाळाला पाजताना दिसते. भांडी घासताना दिसते. त्या दिवशी त्यांना घरी अडवायला माझ्याकडे कारण नाही. अडवले तर कारण सांगावे लागेल.

१०. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) त्यांच्या सुट्टीच्या दिवसाआधी भांडाराच्या कपाटातून लाकडी नमुना काढण्याचा लेखी आदेश द्यावा.

(आ) त्या दिवशी खिडकीवर जे कोणी पुरुष येतील, त्या सर्वांना आत खोलीत बसवून, दार लोटून, वर परिच्छेद सातमध्ये लिहिलेले सर्व काही नमुन्यावर करून दाखवावे. फक्त माझ्या पतींना नव्हे, सर्वांना. शिकवणाऱ्याला शब्द उच्चारणे जड जात असेल तर माझ्या अर्जातली तेवढी कृती मोठ्याने वाचली तरी चालेल, मात्र अर्ज कोणाचा ते सांगू नये.

(इ) तेलाची गोष्ट येईल तेव्हा त्यांच्याकडे बघू नये. भिंतीकडे बघून सांगावी. "बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते" असे आधी म्हणावे. "तेल लावणारा माणूस वाईट नसतो, त्याला कुणी सांगितलेले नसते" असेही म्हणता आले तर मी आपली जन्मभर ऋणी राहीन. ते चतुर आहेत. त्यांना आपोआप कळेल. पण दहा माणसांच्या मध्ये बसून, कुणी बोट न दाखवता कळेल.

(ई) नमुना आधीच भंगारात गेला असल्यास पर्यायी वस्तू वापरावी, परंतु काहीही झाले तरी पाइपाचा तुकडा वापरू नये.

(उ) शिबिराची तारीख ठरल्यास फाटकावरचा कागद चारी कोपऱ्यांना चिकटवावा.

११. हा अर्ज मी जसजसा वेळ मिळाला तसतसा लिहिला आहे. बाळ झोपले की लिहिते आणि उठले की पिठाच्या डब्यामागे ठेवते. त्यामुळे शाई दोन रंगांची झाली आहे आणि एका कोपऱ्यावर पीठ लागले आहे. परिच्छेद पाचजवळ जो डाग आहे तो तेलाचा आहे. बाळाच्या मालिशनंतर हात नीट पुसले नव्हते. पान बदलायला कागद नव्हता. क्षमस्व.

आपण मोठ्या पदावर आहात, आपल्याला किती कामे असतील. एक कपाट उघडण्याएवढी सवड काढावी, याहून जास्त मागण्याची माझी ऐपत नाही.

आपल्या उत्तराची नव्हे, आपल्या आदेशाची वाट पाहणारी,
अर्जदार
(सही, बाळाला मांडीवर घेऊन केल्यामुळे वाकडी)

दिनांक : सोमवारी सुरू केला, गुरुवारी पुरा केला.

सोबत :
१. मोठ्या इस्पितळाच्या सल्ल्याची प्रत.
२. शिबिर पुढे ढकलल्याचा एक उडून आलेला कागद, मूळ.

ता. क. – अर्जाची घडी घालत होते तोवर मोठी शाळेतून आली. ती नुकतीच जोडाक्षरे वाचायला शिकली आहे, म्हणून दिसेल ते वाचते. घडीवरचे 'वैद्यकीय अधिकारी' तिने अडखळत वाचले आणि मला विचारले, "हे आपले कोण?" मी म्हटले, कोणी नाही गं. "तू ओळखतेस त्यांना?" मी म्हटले, नाही. "मग इतकं मोठं काय लिहिलंस त्यांना?" मी म्हटले, बाबांना एक गोष्ट कळायला हवी आहे, ती त्यांनी बाबांना सांगावी म्हणून. तिने दप्तर अजून खांद्यावरून उतरवले नव्हते. मग म्हणाली, "पण आई, बाबा तर रोज घरी येतात. तूच का नाही सांगत?"